वॉकीटॉकी भाड्याने द्यायचाय? आधी फ्रिक्वेन्सी बघा, मग सेट

या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर दोन वॉकीटॉकी सेट शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दोन्ही काळे, दोन्हीला आखूड अँटेना, दोन्हीला कमरेला अडकवायची क्लिप. सख्खे भाऊ वाटावेत. पण एक सेट तुम्ही लायसन्स न काढता वापरू शकता, आणि दुसरा नुसता कपाटात ठेवला तरी कायद्याच्या भाषेत तुमच्याकडे विनापरवाना ट्रान्समीटर आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा पाठ जरा सविस्तर लिहितोय.

हा विषय का, तर आपल्या बॅचमधल्या निदान चार-पाच जणांनी विचारलंय की सर, इव्हेंटला वॉकीटॉकी भाड्याने द्यायचा धंदा कसा आहे. धंदा चांगला आहे. लग्नाचे हॉल, गणपती मंडळं, सोसायटीची सिक्युरिटी, शाळेचं गॅदरिंग, गोडाऊन, सगळीकडे मागणी आहे. आमच्या रोडपाली-कळंबोलीत तर स्टील मार्केट आणि ट्रकची वर्दळ, शेजारी तळोजा एमआयडीसी. माणसं लांब-लांब उभी असतात आणि फोन लावून बोलायला वेळ नसतो. भांडवलही कमी लागतं. म्हणूनच बरेच जण घाई करतात. मीही केली होती.

माझी चूक आधी सांगतो

२०२१ साली मी ऑनलाइन आठ सेट मागवले. जाहिरातीत लिहिलं होतं "लांब रेंज, ५ वॅट". माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. कोणती फ्रिक्वेन्सी, कुठला कागद, काही विचारलं नाही. बीबीएला मार्केटिंग शिकलो होतो, कंप्लायन्सचा पेपर फक्त पास होण्यापुरता दिला होता, असं समजा.

सेट कॉम्प्युटरला जोडून चॅनेल भरता येत होते. मी दोन दिवस एका फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलो. कोणी बोलत नव्हतं. म्हटलं, मोकळी आहे, हीच भरू. पहिलीच ऑर्डर लग्नाच्या हॉलची होती, पार्किंगच्या पोरांसाठी सहा सेट. संध्याकाळी गाड्या यायला लागल्या. पोरं सेटवर ओरडत होती, "आने दो, आने दो, आने दो… बस."

हॉलपासून थोड्या अंतरावर एका यार्डात त्याच वेळी क्रेनवर सळयांचा गठ्ठा लटकत होता. क्रेन ऑपरेटरला खाली उभा असलेला खलाशी दिसत नव्हता, तो सेटवरच्या आवाजावर काम करत होता. खलाशाने थांबायला सांगितलं होतं. त्यानंतर ऑपरेटरच्या कानात आवाज आला, "आने दो." गठ्ठा दीडएक फूट खाली आला. एका माणसाचा हात स्लिंगवर होता. त्याने तो वेळेत काढला. वेळेत काढला म्हणून मी आज हे लिहितोय.

जुन्या खलाशांचे स्वतःचे शब्द असतात, वर घ्यायला "हबेस", खाली सोडायला "आरिया". पार्किंगचा पोरगा कधी "आरिया" म्हणणार नाही. पण नव्या साइटवर सगळे "आने दो"च म्हणतात, गाडीलाही आणि गठ्ठ्यालाही.

दुसऱ्या दिवशी त्या यार्डाचा सुपरवायझर हॉलवर आला आणि तिथून माझ्या दुकानात. आमची पोरं सेटवर हॉलचं नाव घेत होती, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, साहेब, चॅनेल तर मोकळा होता. त्याने फाइल उघडून लायसन्स दाखवलं. त्यांच्या कंपनीला ती फ्रिक्वेन्सी सरकारकडून मिळाली होती, दरवर्षी पैसे भरत होते. मी ऐकत बसलो ते दोन दिवस यार्डात लोडिंग नव्हतं, एवढंच.

सिडकोच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. रिकामा प्लॉट दिसला म्हणून तो आपला होत नाही. कोणाच्या तरी नावावर असतोच.

सुपरवायझर भला माणूस, पोलिसात गेला नाही. मी ते आठही सेट त्या दिवशी बंद केले ते परत कधी ग्राहकाच्या हातात दिले नाहीत. पैसे गेले, जाऊ दे.

कायदा काय म्हणतो, सोप्या भाषेत

आपल्याकडे रेडिओ लहरी सरकारच्या ताब्यात आहेत. त्यांचं वाटप दिल्लीत दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा करते. जुने दोन कायदे, १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. १९३३ च्या कायद्यात विनापरवाना ट्रान्समीटर नुसता जवळ ठेवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण कैदेचा आकडा वाचा. आणि आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय, जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यातल्या दंडाच्या रकमा हजारात थांबणाऱ्या नाहीत.

मग लायसन्सशिवाय काय चालतं? ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने कमी ताकदीच्या उपकरणांसाठी सूट देणारे नियम काढले. त्यात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा मोकळा केला. युरोपात हाच पट्टा आधीपासून साध्या लोकांसाठी मोकळा आहे. सेटची ताकद अर्धा वॅट, अँटेना सेटलाच कायमची बसवलेली. आपल्या कामाचा पट्टा हाच. याशिवाय २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सिटिझन बँड नावाचा एक पट्टा आहे, २६.९५७ ते २७.२८३, तिथे ५ वॅटपर्यंत सूट आहे. पण तसे हातातले सेट बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, "लायसन्स नको" म्हणजे "कोणताही सेट चालेल" असं नाही. सूट त्या पट्ट्याला आणि त्या ताकदीला आहे. तोच सेट बटण दाबून ४५० वर जात असेल, किंवा ५ वॅट फेकत असेल, तर "मी फक्त ४४६ वरच बोलतो" हे सांगून उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे परदेशातून आलेले सेट. अमेरिकेत राहणारी मावशी मुलांसाठी जोडी घेऊन येते. तिकडे ते अगदी कायदेशीर असतात, पण अमेरिकेतले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे तो पट्टा मोकळा नाही. खेळणं म्हणून आलेली वस्तू, पण हवेत गेल्यावर ती खेळणं राहत नाही.

स्वस्तातले जे सेट सगळीकडे दिसतात ते १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ असा भला मोठा पट्टा व्यापतात. विकणारा हे कौतुकाने सांगतो. त्यात काय काय येतं ते बघा. १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे समुद्रावरचा चॅनेल १६, बुडणारी बोट मदत मागते तो. आमच्याकडून न्हावा-शेवा बंदर किती लांब आहे? पोलिस, अग्निशमन अशा सेवांचं बोलणंही याच भागांत कुठे ना कुठे चालतं. एक चुकीचा आकडा दाबला की तुमचा पार्किंगवाला थेट तिथे.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ऑनलाइन विकणाऱ्या १३ प्लॅटफॉर्म आणि विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, आणि त्याच महिन्यात वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार जाहिरातीत फ्रिक्वेन्सी लिहिलेली पाहिजे आणि सेटला ईटीए पाहिजे. म्हणजे मोठ्या वेबसाइटवर दिसतंय म्हणून कायदेशीर असणार, हा माझा २०२१ चा हिशोब सरकारनेच खोटा ठरवला.

ईटीए म्हणजे काय आणि ते कुठे बघायचं

ईटीए म्हणजे त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीने दिलेली मान्यता. गाडीच्या मॉडेलला जशी आरटीओच्या आधीची मान्यता लागते, साधारण तसं. दुकानदाराकडून मॉडेल नंबरसकट त्याची कॉपी मागा. सरकारच्या सरल संचार पोर्टलवर हे सगळं काम चालतं. कॉपीवरचा मॉडेल नंबर आणि सेटच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. "सेम सीरिज आहे हो" हे उत्तर चालवून घेऊ नका. बॅटरी काढली की आत स्टिकर असतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खोक्यावर मी काय बघतो सांगतो. ४४६ हा आकडा. ०.५ वॅट. अँटेना फिरवून निघते का (निघाली तर सेट परत). आणि फ्रिक्वेन्सी हाताने टाकायचा कीपॅड आहे का. आपल्याला १ ते १६ एवढेच चॅनेल पाहिजेत, बाकी आकडे टाकायची सोयच नको. ग्राहकाच्या हातात वस्तू देताय, त्याच्याकडचा दहावीतला पुतण्या काय काय दाबेल याची खात्री नाही.

बिल घ्या. बिलाशिवाय घेतलेला सेट भाड्याने देऊ नका, यावर वाद नको.

एक प्रश्न हमखास येतो, सर, आपणच विकू का? ५ वॅटचे, लायसन्सवाले सेट दुकानात ठेवायचे तर डीलर पझेशन लायसन्स लागतं. मुंबईत त्यासाठी रिजनल लायसन्सिंग ऑफिस आहे. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. आधी भाड्याचं काम बसवा.

रेंजचं खरं काय

ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, किती किलोमीटर? खोक्यावर आठ-दहा लिहिलेलं असतं. ते मोकळ्या माळावर, डोंगरावरून डोंगरावर. मी रोडपाली तलावाच्या काठावर माणूस उभा करून मोजलं. तलावाच्या आसपास, मध्ये काही नसताना आवाज झकास. इमारतींच्या आत शिरलो की सहा-सातशे मीटरवर खरखर सुरू. लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून कमी. बेसमेंट पार्किंगमधून सातव्या मजल्यावर कधी लागतं, कधी नाही.

मग ५ वॅटचा सेट दहापट लांब जाईल का? नाही. मोकळ्या जागेत अंतर वाढतं ताकदीच्या वर्गमुळाने, म्हणजे दहापट ताकदीला साधारण तिप्पट अंतर. इमारतींमध्ये तर जेमतेम दुप्पट. तेवढ्यासाठी लोक तीन वर्षांच्या कैदेचं कलम अंगावर घेतात. त्यापेक्षा मध्ये एक माणूस उभा करा, तो निरोप पुढे देईल. किंवा सेट जरा उंचावर न्या. गेटवरचा वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला तरी फरक पडतो, खोटं वाटेल पण करून बघा.

ग्राहकाला मी सरळ सांगतो, साहेब, हॉल आणि पार्किंग धरून चालेल, कळंबोली सर्कलपासून चालणार नाही. काही ऑर्डर जातात. ज्या राहतात त्या परत येतात.

ज्याचे ट्रक रोडपालीहून बंदरावर जातात त्याला हे सेट उपयोगाचेच नाहीत. त्याला सिमवर चालणारे पुश-टू-टॉक सेट लागतात. ते मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून बोलतात, महिन्याचं भाडं पडतं, आणि नेटवर्क गेलं की गप्प. ज्याला रोजचं क्रेनचं, प्लांटचं काम आहे त्या कंपनीने स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यावी. सरल संचारवरून डब्ल्यूपीसीकडे अर्ज, किती सेट, कुठल्या जागेत, ते सगळं लिहून. दरवर्षी रॉयल्टी आणि लायसन्स फी. उंच अँटेना लावायची तर तिच्या जागेची वेगळी मंजुरी. वेळ लागतो, पण सळयांचा गठ्ठा डोक्यावर असताना तोच मार्ग बरोबर. आणि कोणी म्हणालं, हॅम रेडिओची परीक्षा द्या म्हणजे सगळं चालतं, तर लक्षात ठेवा, हॅम लायसन्स हा छंद आहे. त्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही.

वापरायला शिकवणं हेच तुमचं खरं प्रॉडक्ट

सेट कोणीही आणेल. मी सेट देताना पंधरा मिनिटं पोरांना उभं करून शिकवतो, आणि माझं भाडं शेजाऱ्यापेक्षा जास्त असूनही ग्राहक येतो ते याच्यामुळे.

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "नको आणू"मधला "नको" कापला गेला तर काय उरतं बघा. आधी समोरच्याचं नाव, मग स्वतःचं, मग काम. "गेट दोन, गेट दोन, मी पार्किंग. पांढरी बस सोडू का?" समोरच्याने तेच परत म्हणायचं, "पांढरी बस सोड." नुसतं "हो हो" नाही. नाव न घेता हुकूम द्यायचा नाही, हा नियम मी त्या क्रेनच्या दिवसापासून लावलाय. आज कोणी माझ्यासमोर सेटवर नुसतं "आने दो" म्हटलं तर मी सेट काढून घेतो. पोरं हसतात, हसू देत.

एक शब्द सगळ्यांसाठी राखून ठेवा, "थांबा, थांबा, थांबा", तीन वेळा. तो ऐकला की ज्याचं काम चालू आहे त्याने थांबायचं, कोण बोललं हे नंतर विचारायचं. आणि गाडी मागे घेताना, माणूस दिसत नसताना, जड वस्तू उचलताना भाड्याच्या मोकळ्या चॅनेलच्या सेटवर विसंबू नका. तो चॅनेल सगळ्यांचा आहे. कोणीही मध्ये बोलू शकतो, आणि दोघे एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरात त्याचंच ऐकू जातं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं. क्रेनच्या कामासाठी कोणी सेट मागितले तर मी नाही म्हणतो.

सेटमध्ये "प्रायव्हसी कोड" असतो, नावावर जाऊ नका. तो लावल्याने तुम्हाला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही, एवढंच. दुसऱ्याला तुमचं ऐकू जातंच. म्हणून रोख रक्कम कुठल्या खोलीत आहे, नवरीचे दागिने कोणाकडे, कोणाच्या घरी कोणी नाही, हे सेटवर बोलायचं नाही. लग्नाच्या ऑर्डरला हे मी मोठ्या अक्षरात लिहून देतो.

आता आमच्या भागापुरतं. तळोज्यात केमिकलचे प्लांट आहेत. जिथे ज्वलनशील वाफ असू शकते तिथे साधा सेट न्यायचाच नाही, बॅटरीच्या जोडणीत एक ठिणगी पुरते. तिथे वेगळे, ठिणगी न पडणारे प्रमाणित सेट लागतात. स्फोटक आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं काम बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, त्यांच्या मान्यतेचा विषय येतो. प्लांटवाल्यांना हे माहीत असतं, पण आत कार्यक्रम करणाऱ्या इव्हेंटवाल्याला नसतं. ऑर्डर घेताना जागा विचारा. पनवेलच्या आसपास खाणी आणि क्रशर आहेत. सुरुंगाचं काम चालू असेल तिथे विजेच्या डेटोनेटरजवळ ट्रान्समीटर चालवणं धोक्याचं. ब्लास्टरने हो म्हटल्याशिवाय सेट चालू करू नका. पोलिसांनी बंदोबस्तात बंद करा म्हटलं तर लगेच बंद, कागद नंतर दाखवा.

बॅटरी रात्रभर चार्जरवर, गादीवर, ट्रकच्या केबिनमध्ये उन्हात, असं नको. फुगलेली बॅटरी परत आली तर ती ग्राहकाला पुन्हा देऊ नका, वेगळी ठेवा.

हिशोब

धरा, सेट तीन हजाराचा. आठ सेट चोवीस हजार. दिवसाचं भाडं सेटमागे दोनशे धरलं तर पूर्ण संच एकदा बाहेर गेला की सोळाशे. पंधरा कार्यक्रमांत सेटचे पैसे निघाले, असं कागदावर दिसतं. पण दोन सेट नेहमी स्पेअर राहतात. एखादी क्लिप तुटते, एखादा सेट पाण्याच्या टपात पडतो, आणि लग्नसराई संपली की दोन महिने शांतता. मी वीस-बावीस कार्यक्रम धरतो. सोसायट्यांचं महिन्याचं भाडं मिळालं तर पावसाळा निघतो, म्हणून इव्हेंटवाल्यांच्या आधी आपल्याच सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटा. डिपॉझिट सेटच्या अर्ध्या किमतीचं, आणि ग्राहक कितीही ओळखीचा असला तरी.

सेटबरोबर मी एक फाइल देतो. त्यात बिलाची झेरॉक्स, ईटीएची कॉपी, सेटचे सीरियल नंबर आणि एका पानावर बोलायचे नियम. एकदा नाक्यावर एका हवालदारांनी आमच्या पोराला सेट बघून अडवलं होतं. पोराने फाइल काढून दिली, त्यांनी पानं चाळली, ४४६ वर बोट ठेवून विचारलं हे काय, पोराने सांगितलं, आणि दोन मिनिटांत सोडलं.

भाड्याच्या पावतीवर कोणत्या अटी लिहायच्या, हरवलेल्या सेटचं काय करायचं आणि ग्राहकाने सेट उघडून छेडछाड केली तर डिपॉझिट कसं धरायचं, हे पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत घरात, दुकानात जुना सेट पडला असेल तर बॅटरी काढा आणि स्टिकर वाचा. ४४६ दिसलं नाही तर बॅटरी परत बसवू नका.